शालेय कबड्डी, डोक्याला मार आणि अमेरिकेतला कायदा

मैदान_अमळनेर (प्रश्न)
तालुकास्तरावर १४ आणि १७ वर्षांखालील सामने आहेत. पकडीत कुणाचा गुडघा डोक्याला लागला की पाणी मारायचं, कांदा हुंगवायचा आणि पुढच्या चढाईला पाठवायचं, हीच सगळीकडची रीत. अमेरिकेत यावर कायदा आहे म्हणे. त्यात नेमकं काय आहे? त्यातलं शाळेला काय उचलता येईल? पालकांचं हमीपत्र आम्ही घेतोच.

वकील_जळगाव
सुरुवात वॉशिंग्टन राज्यात झाली. २००६ मध्ये झॅकरी लिस्टेड या १३ वर्षांच्या मुलाला डोक्याला मार लागूनही त्याच सामन्यात परत उतरवलं. सामन्यानंतर तो कोसळला, मेंदूत रक्तस्राव झाला. २००९ मध्ये त्याच्या नावाने कायदा आला आणि जानेवारी २०१४ पर्यंत पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. वॉशिंग्टनच्या कायद्याचा गाभा एवढाच: दरवर्षी खेळाडू आणि पालकांनी माहितीपत्रक वाचून सही करायची; नुसता संशय आला तरी खेळाडू बाहेर; आणि या दुखापतीचं (कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा) प्रशिक्षण असलेल्या वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. पण भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ (जीव धोक्यात घालणारा निष्काळजीपणा) आहेच. मार माहीत असून पोराला मुद्दाम खेळवलं, तर बाल न्याय कायद्याचं कलम ७५ (मुलाशी क्रूरता) ही लावलं जाऊ शकतं. तुमच्या हमीपत्रात बहुधा ‘इजा झाल्यास शाळा जबाबदार नाही’ असं असेल. त्याने फौजदारी जबाबदारी पुसली जात नाही. अमेरिकेतली सही ‘धोका समजला’ यासाठी असते. तुमचा कागदही तसा करा.

डॉक्टर_धुळे
बेशुद्ध पडला नाही म्हणजे काही झालं नाही, हा समज आधी काढा. बहुतेकांची शुद्ध जातच नाही. विचारा: कुठल्या मैदानावर आहोत? पहिला डाव की दुसरा? शेवटचा गुण कुणी घेतला? एखादं उत्तर चुकलं, तोल गेला, डोकं दुखतंय किंवा ‘धूसर दिसतंय’ म्हणाला, तर दिवसभरासाठी खेळ बंद. सगळी उत्तरं बरोबर आली तरी संशय असेल तर बाहेरच.

उलटी, झटका, दोन-दोन दिसणं, वाढती डोकेदुखी, हातापायात मुंग्या, मानेत दुखणं, चिडचिड किंवा झोपाळूपणा वाढत जाणं: थेट १०८. मान दुखत असेल तर उचलू नका, बसवू नका. कांदा, थपडा बंद. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन देऊ नका. घरी एकटं पाठवू नका, सायकलवर तर नाहीच. आणि एक: सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे खेळायला मोकळा, असं नाही. स्कॅन रक्तस्राव बघतो, ही दुखापत त्यात बहुतेकदा दिसतच नाही.

पहिले २४ ते ४८ तास हलकी विश्रांती, मोबाइल कमी. मग चालणं, हलकं धावणं, एकट्याने चढाईचा सराव, पकडीशिवाय संघासोबत सराव. पकडीचा सराव डॉक्टरांच्या परवानगीनंतर, आणि मग सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. त्रास वाढला तर एक पायरी मागे. वर्गात नीट बसता येईपर्यंत मैदान नाही.

पंच_शहादा
खरी अडचण निर्णय कुणाचा, याची. संघाचा प्रशिक्षक गुणफलकाकडे बघत असतो, पोऱ्या स्वतः ‘मी बराय सर’ म्हणतो. म्हणून सामन्याआधीच, त्या संघाशी संबंध नसलेल्या एका शिक्षकाचं नाव लिहून ठेवा. तो म्हणाला बाहेर, की बाहेर. पाच राखीव असतात, अडत काही नाही. वेळ, मार कसा लागला आणि काय विचारलं, हे वहीत टिपा. डॉक्टरला तेच लागतं. आणि मैदान: खान्देशातली काळी जमीन वाळली की फरशीसारखी होते. आदल्या दिवशी पाणी मारून वरची ढेकळं फोडा, मॅट असेल तर जोड टेपने बंद करा.

मैदान_अमळनेर
हमीपत्राचा मजकूर उद्याच बदलतो. निर्णय घेणाऱ्या शिक्षकाचं नाव पंचांच्या तक्त्यावरच टाकतो.