हीनयान लिहू की थेरवाद?

शाईपेन: बौद्ध धर्माची ओळख करून देणारी एक छोटी इंग्रजी पुस्तिका मराठीत करतेय, सातवी-आठवीच्या पोरांसाठी. लुंबिनी, बोधगया, सारनाथचं पहिलं प्रवचन, कुशीनगर इथवर सुखानं झालं, पंथांपाशी अडकलेय. मूळ मजकुरात थेरवाद, महायान, वज्रयान. पहिल्याला मी हीनयान लिहिलं, शाळेत तेच शिकलो ना आपण, तर खर्डा वाचून शेजारचे काका म्हणाले हा शब्द आधी खोड, शिवी आहे ती. खरंच?

तांबडापांढरा: काका बरोबर हायत की. हीन म्हणजे हलकं, स्वतःच्या पंथाला हलकं कोण म्हणंल? महायानवाल्यांनी दुसऱ्यांना चिकटवलेलं नाव ते. श्रीलंकेत नाहीतर थायलंडात जाऊन कुणाला हीनयानी म्हणून बघा एकदा. थेरवाद लिहा, विषय कट.

जुनापेठकर: कट कसा? अजिंठ्याची ९ आणि १० नंबरची लेणी हीनयान म्हणूनच पुस्तकांत आहेत, रुळलेला शब्द आहे. पाखंड घ्या. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात पासंड म्हणजे नुसता पंथ, सगळ्या पासंडांचा मान राखा म्हणतो तो. आज कुणाला पाखंडी म्हणा, मार खाल. शब्द फिरत असतात.

लेणीवेडा: पाखंड फिरला, हीन कुठं फिरला? तो पहिल्यापासून हीनच. पण तांबडेभाऊ, थेरवाद सगळीकडं बसत नाही. कार्ल्याच्या लेण्यातल्या शिलालेखांत महासांघिक या जुन्या पंथाला दिलेलं दान आहे, नाशिकला भदायनीय या दुसऱ्या पंथाला. महासांघिक तर थेरांपासून, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंच्या गटापासून, वेगळे झालेले, त्यांनाच थेरवादी म्हणायचं? परंपरेनं असे १८ निकाय, म्हणजे पंथ, सांगतात, त्यातला आज टिकून आहे तो थेरवाद. म्हणून आजच्या श्रीलंका-म्यानमारला थेरवाद, आणि जुन्या लेण्यांना सरळ 'आरंभीचे निकाय' म्हणा.

शाईपेन: निकाय सातवीतल्या पोराला कळणार का पण?

ऊसकरी: मधेच विचारतो, लेणं म्हणजे दागिना ना? आमची आज्जी म्हणायची डोंगराचा दागिना म्हणून लेणं.

लेणीवेडा: आज्जीचं गोड आहे पण नाही. पालीत लेण, संस्कृतात लयन, म्हणजे आसऱ्याची जागा. नाशिकला क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, त्याच्या शिलालेखात हाच शब्द आहे. जोतिबाजवळ पोहाळ्याची लेणी बघून या, मधे मोठा मंडप आणि कडेनं भिक्खूंच्या खोल्या, दागिना कसला, पावसाळ्याचं होस्टेल ते.

करवीरवाली: सगळं झालं, पण नवयान, म्हणजे बाबासाहेबांनी दिलेला बौद्ध मार्ग, तो कुठाय? बाबासाहेबांची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. आदल्या दिवशी पत्रकारांपुढं हा शब्द त्यांनीच वापरलाय. शाहू महाराजांनी ज्यांना माणगाव परिषदेत पुढारी म्हणून मानलं, १९२० साली, आपल्या जिल्ह्यात, त्यांच्याशिवाय कोल्हापुरातली पुस्तिका वज्रयानाच्या तिबेटावर संपणार?

निळीपाटी: टाका जरूर, पण मथळा नवयान नको. आमच्या घरात तो शब्द कुणी बोलत नाही, आम्ही बौद्ध. नवबौद्ध तर अजिबात नको, तो फॉर्मवरचा शब्द. एवढी वर्षं झाली, नवं किती दिवस राहायचं आम्ही?

करवीरवाली: अहो पण शब्द त्यांचाच आहे!

निळीपाटी: त्यांचाच. पण दीक्षेच्या २२ प्रतिज्ञांत 'बौद्ध धम्म' आहे, नवयान नाही. आणि ताई, 'धर्म' नको, पालीतलं 'धम्म' लिहा.

जुनापेठकर: झालं सुरू. मग कर्माला कम्म आणि निर्वाणाला निब्बान लिहा, पोरं परीक्षेत नापास.

तांबडापांढरा: ते ऱ्हाऊ दे. थेर म्हणजे स्थविर, ज्येष्ठ भिक्खू. आपला थेरडा तिथनंच आलाय, हे कुणीच बोललं नाही! मान असलेला शब्द, बघा कुठं नेऊन ठेवला. नसती थेरं करू नको, ती थेरं पण त्यातलीच.

जुनापेठकर: थेरडा मान्य. थेरं मात्र ओढूनताणून.

ऊसकरी: म्हणजे आई मला दिवसभर 'थेरं बंद कर' म्हणायची, ते भिक्खू समजून व्हय?

तांबडापांढरा: ओढूनताणून कसं? मग तुम्ही सांगा कुठनं आलं.