सागरी पुरातत्त्वात मास्टर्स : डायव्हिंग न करता निभेल का?

नमस्कार मंडळी,

इतिहासात बीए झालं आहे आणि पुढे सागरी पुरातत्त्वशास्त्रात मास्टर्स करायचं डोक्यात पक्कं आहे. अडचण कानाची. पडद्याचं ऑपरेशन झालेलं असल्याने डॉक्टरांनी स्कूबा डायव्हिंगला साफ नकार दिलाय. पोहायला हरकत नाही, पण खोल जायचं नाही.

घरच्यांचा सवाल सरळ आहे : पाण्याखाली जाता येत नाही तर हा विषय घ्यायचाच कशाला? मला ते पटत नाही. डेन्मार्कमधली स्कुल्डेलेवची पाच वायकिंगकालीन जहाजं १९६२ मध्ये भोवती बांध घालून, पाणी उपसून खणली. टेक्सासजवळ १६८६ मध्ये बुडालेलं 'ला बेल' हे फ्रेंच जहाजही असंच कोरड्यात मोकळं केलं. इस्तंबूलच्या येनिकापीत तर भुयारी रेल्वेच्या कामात अख्खं बायझंटाइन बंदर निघालं, त्यात ३७ जहाजं. अर्थात ही उदाहरणं मी माझ्या सोयीने वेचलीत, हे कळतंय मला.

साउदॅम्प्टन, फ्लिंडर्स, टेक्सास ए अँड एम, ईस्ट कॅरोलिना ही विद्यापीठं यादीत आहेत. डायव्हिंग न करणाऱ्याला तिथे फील्डवर्कमध्ये काय काम मिळतं? आणि शाळेनंतर रसायनशास्त्राला हात न लावलेल्याने संवर्धनाकडे, म्हणजे सापडलेल्या वस्तू टिकवण्याच्या कामाकडे, वळावं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

बिनधास्त अर्ज करा. बऱ्याच ठिकाणी डायव्हिंगचं प्रशिक्षण पदवीपासून वेगळं असतं. तरीही समन्वयक प्राध्यापकांना ईमेल करून लेखी विचारून घ्या : डायव्हिंगऐवजी बोटीवरचं सर्वेक्षण किंवा प्रयोगशाळेतलं काम चालेल का, आणि त्याचे गुण धरले जातील का?

बाहेरून बघणाऱ्याला डुबकी तेवढी दिसते. तुर्कस्तानातल्या उलुबुरूनच्या बुडालेल्या जहाजावर १९८४ ते १९९४ असे अकरा हंगाम, बावीस हजारांवर डुबक्या झाल्या, हे खरंच. पण तिथून वर आलेलं दहा टन तांबं कोणत्या खाणीतलं, हे प्रयोगशाळेत शोधावं लागलं. उलट काळ्या समुद्रात दोन किलोमीटरहून खोल सापडलेल्या सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या जहाजापर्यंत कुणीच डायव्हर पोचू शकत नाही. तिथे दूरनियंत्रित यान पाठवतात. साइड-स्कॅन सोनार (ध्वनिलहरींनी तळाचं चित्र), मॅग्नेटोमीटर (लोखंडाचा माग काढणारं चुंबकमापक), फोटोग्रामेट्री (फोटोंवरून त्रिमिती मोजमाप), जीआयएस (संगणकावर नकाशे करणं) यातलं काहीतरी आतापासून हाताखालून घाला. क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर फुकट आहे.

संवर्धनाबद्दल मात्र सावध करतो. भिजलेलं लाकूड नुसतं वाळवलं तर आक्रसतं, तडकतं, म्हणून पेशींतल्या पाण्याची जागा पॉलिइथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या रसायनाला द्यावी लागते. स्वीडनमध्ये समुद्रातून वर काढलेल्या 'वासा' जहाजावर ही फवारणी १७ वर्षं चालली. पुढे लाकडात साचलेल्या गंधकाचं आम्ल होतंय हे लक्षात आलं आणि नवीच डोकेदुखी सुरू झाली. रसायनशास्त्राशी पुन्हा मैत्री करायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

आणखी एक. बुडालेला खजिना काढून विकणाऱ्या कंपन्यांकडे अनुभवासाठी जाऊ नका, कितीही आकर्षक वाटलं तरी. युनेस्कोच्या २००१ च्या करारात अशा व्यापाराला मनाई आहे आणि या क्षेत्रात असा अनुभव अंगाशी येतो.

प्रतिसाद २

वरच्यांशी बराचसा सहमत, पण चित्र फार गुलाबी रंगवू नये. पाण्याखालच्या उत्खननाचं प्रत्यक्ष नेतृत्व करायचं स्वप्न असेल तर कान आडवा येणारच. त्या पदांसाठी साधा हौशी परवानाही पुरत नाही, व्यावसायिक किंवा सायंटिफिक डायव्हिंगची पात्रता मागतात. याउलट समुद्रातल्या पवनचक्क्या आणि केबल टाकण्याआधी तळाचं सर्वेक्षण होतं, त्या सोनार-नोंदी वाचायला पुरातत्त्वज्ञ लागतात. नोकरी म्हणून ही बाजू मला जास्त भरवशाची वाटते. बुडालेल्या भूप्रदेशांचा अभ्यासही बघा. उत्तर समुद्राखालच्या डॉगरलँडचा नकाशा तेल-वायू शोधणाऱ्यांनी तळात सोडलेल्या कंपनलहरींच्या नोंदींवरून तयार झाला.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. संवर्धन तूर्त बाजूला ठेवतो. सर्वेक्षणाची बाजू धरली तर एमए घ्यावं की एमएससी? इतिहासवाल्याला एमएससीत गणिताचं ओझं कितपत जाणवेल, कुणी केलं असेल तर लिहा प्लीज.