केट होईंनी शिकारीच्या बाजूनं मत दिलं ही गद्दारी कशी?

टेम्सकाठ: इथं कालच कुणीतरी लिहिलंय, "वॉक्सहॉल म्हणजे ऐन लंडन. तिथली तेव्हाची लेबर पक्षाची खासदार केट होई कुत्र्यांनी कोल्हे मारण्यावरच्या बंदीला विरोध करत होती, ही मतदारांशी गद्दारी." वाचून राहवलं नाही. 2001 च्या जाहीरनाम्यात लेबरनं या विषयावर मुक्त मतदानाचं वचन दिलं होतं. व्हिपच नाही तर गद्दारी कसली? बाईंनी मत लपवलं नाही, 2005 मध्ये उघडपणे शिकारीच्या बाजूनं लढणाऱ्या कंट्रीसाइड अलायन्स या संघटनेचं अध्यक्षपद घेतलं, आणि वॉक्सहॉलनं त्यांना 2017 पर्यंत निवडून दिलं.

रानवाट: लेबरच्या नावावर निवडून दिलं, कोल्ह्यांच्या प्रश्नावर नाही. सरकारनं नेमलेल्या बर्न्स समितीच्या 2000 च्या अहवालात या शिकारीचा कोल्ह्याच्या कल्याणावर गंभीर परिणाम होतो हे आलं होतं. तो वाचूनही विरोध? आमच्या इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरच्या गावात शिकारी कुत्र्यांचा कळप शेजाऱ्यांच्या परसात घुसून त्यांचं मांजर मारून गेला. कायदा लागू झाल्यावर, बरं का! म्हणे कोल्ह्याच्या नाही, माणसांनी आधी टाकून ठेवलेल्या गंधाच्या मागावर पळत होते.

टेम्सकाठ: मांजराचं ऐकून वाईट वाटलं. पण कोल्हा खुराड्यात शिरला की एक कोंबडी नेतो आणि बाकीच्या नुसत्या मारून टाकतो, तेही बघा. बंदुकीनं नुसता जखमी झालेला कोल्हा तडफडत राहतो.

चाकणचा गाडामालक: शहरात बसून गावावर बंदी घालायची, हे आम्ही भोगलंय. 2014 ला सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यत बंद केली. आमच्या चुलत्यांनी पोराप्रमाणं वाढवलेले खोंड मातीमोल भावानं विकले. शर्यतीचे घाट सात वर्षं ओस.

रानवाट: शेपट्या पिरगाळणं, टोचण्या लावणं, हे कोर्टासमोर आलं म्हणूनच बंदी आली ना? आणि कोल्ह्याला कोण पोराप्रमाणं वाढवतं? दोन्ही एका मापानं मोजू नका.

चाकणचा गाडामालक: तुम्ही बारी, म्हणजे गाड्याची धाव, कधी पाहिलीय का? आता आधी डॉक्टर बैल तपासतो, काठी-चाबूक चालत नाही. 2023 ला घटनापीठानंही कायदा उचलून धरला. मूठभर लोकांच्या पापासाठी सगळ्या गाडामालकांना क्रूर म्हणायचं?

रानवाट: सगळ्यांना म्हटलेलं नाही. नियम आले ते बंदीच्या दणक्यामुळं, एवढं तरी कबूल करा.

चाकणचा गाडामालक: करतो. पण खोंड परत आणून द्या.

टेम्सकाठ: मूळ मुद्दा राहिला. आपल्याकडं बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं होतात. आपला आमदार कुठल्या बाजूला होता ते कागदावर सापडत नाही. तिकडं शिकारीच्या प्रश्नावरचं होईंचं मत नावानिशी नोंदलेलं आहे, म्हणून तुम्ही त्यांना जाब विचारू शकता. तेव्हाचे पंतप्रधान ब्लेअर यांच्या सरकारनं बंदीचा कायदा आणला आणि ब्लेअर यांनीच 2010 च्या आत्मकथनात त्याबद्दल खेद व्यक्त केला. मला होई जास्त प्रामाणिक वाटतात.

रानवाट: बरं, गद्दारी हा शब्द सोडा. प्रामाणिकपणे दिलेलं मतही चुकीचं असू शकतं, आणि त्यांचं होतं. ब्लेअरना खेद वाटला म्हणून कोल्ह्याचे हाल कमी होत नाहीत.

टेम्सकाठ: बंदीनंतर बंदुकीनं किती मेले, तेही तुम्ही सांगत नाही.