वीस हजारात स्ट्रीमर + स्पीकर, गुहागरसाठी. सल्ला द्या

कौलारू:
नमस्कार मंडळी. घर गुहागरला, समुद्र चालत पाच-सात मिनिटं. माजघर साधारण बारा बाय चौदा, चिऱ्याच्या भिंती गिलावा केलेल्या, खाली कोबा, वर कौलं. ऐकणारे दोघंच, बाबा आणि मी. बाबांचं नाट्यसंगीत आणि जुनी भावगीतं, माझं काहीही. त्यांचं जवळपास सगळं यूट्यूबवर, माझं स्पॉटिफायवर. आत्ता एक ब्लूटूथचा डबा आहे, बाबा म्हणतात त्यात तानपुरा ऐकूच येत नाही, आणि मला फोन आला की गाणं बंद. म्हणून वायफायचा छोटा स्ट्रीमर (नेटवरून गाणं ओढून स्पीकरला देणारा डबा) आणि ज्यात अॅम्प (आवाज मोठा करणारं यंत्र) आतच असतो असे स्पीकर, अशी जोडी घ्यायचा विचार आहे. दोन्ही मिळून २०,०००, त्याच्या वर जाणार नाही, घरात तसं ठरलंय. फायबर आलंय पण पावसात भरवसा नाही. काय घेऊ?

ठाणे_टू_दापोली:
वीस हजारात हा विषयच होत नाही मित्रा. थोडा थांब, पन्नास जमव आणि विम कंपनीचा अॅम्प घे, त्याला चांगले पॅसिव्ह, म्हणजे आत अॅम्प नसलेले, बुकशेल्फ स्पीकर लाव. अॅक्टिव्ह स्पीकरची भानगड अशी की आतला अॅम्प गेला की दोन्ही डबे शोभेला. पॅसिव्ह स्पीकर तीस तीस वर्षं चालतात. माझ्याकडे ठाण्याला केईएफचे एलएस५० वायरलेस टू आहेत, एकदा ते ऐकलेस ना की हे स्वस्तातले एडिफायर बिडिफायर विसरशील.

बांगडा_फ्राय:
दादा, एलएस५० वायरलेस पण अॅक्टिव्हच असतात 😄

ठाणे_टू_दापोली:
त्यांची गोष्ट वेगळी आहे. क्वालिटी बघ.

सर्किटवाला:
स्ट्रीमरवर कशाला पैसे घालवताय. रास्पबेरी पाय झीरो टू डब्ल्यू हा छोटासा कॉम्प्युटर घ्या, वर एक डॅक हॅट (डिजिटल गाण्याचा आवाज करणारी पट्टी) बसवा, मूडी नाहीतर व्हॉल्युमिओ हे गाण्याचं सॉफ्टवेअर टाका, झाला स्ट्रीमर. उरलेले सगळे पैसे स्पीकरला. सॉफ्टवेअर फुकट आहे. पेनड्राइव्ह लावून नेटशिवाय पण वाजतं, जे त्या तयार छोट्या स्ट्रीमरवर होत नाही. एका संध्याकाळचं काम आहे.

एसटी_स्टँड:
एका संध्याकाळचं काम तुमच्यासाठी. त्याचे बाबा एसडी कार्ड फ्लॅश करणार, म्हणजे त्यावर सॉफ्टवेअर चढवणार का? आणि कोकणात लाइट दिवसातून चारदा जाते, चालू पायची वीज अशी उडाली की कार्डावरचं सगळं बिघडू शकतं, मग पुन्हा पहिल्यापासून.
आणि ते मूड आहे, मूडी नाही.

सर्किटवाला:
रीड-ओन्ली करता येतं कार्ड, म्हणजे त्यावर काही लिहिलंच जात नाही. पण ठीक आहे, घ्या महागातलं.

तळाशीलचो_मासो:
अरे बाबानू कित्याक एवढो घोळ घालतास? बापाशीक कारवां घेवन दी, आत गाणी भरलेलो सारेगामाचो रेडिओ. मराठी गाण्यांचो पण येता. नेट नको, अॅप नको, आत बॅटरी आसा, लाइट गेली तरी वाजता. आमच्या घरात म्हातारी दिवसभर तोच लावन बसता.

कौलारू:
कारवां आहे काकांकडे, बाबांनी ऐकलाय. त्यांना हवी ती गाणी त्यात नाहीत. आणि मला स्टिरिओ पाहिजे.

निवळी_फाटा:
जरा मुद्द्याचं बोलतो. स्ट्रीमर आणि ब्लूटूथ यात फरक काय ते आधी समजून घ्या, कारण अर्धे लोक उगाच पैसे घालवतात. ब्लूटूथमध्ये गाणं तुमच्या फोनमधून स्पीकरला जातं, त्यामुळे फोन आला, व्हॉट्सअॅप वाजलं, तुम्ही परड्यात गेलात, की बोंब. स्पॉटिफाय कनेक्टमध्ये फोन नुसता रिमोट असतो, गाणं स्ट्रीमर स्वतः नेटवरून ओढतो. तुमची फोनची तक्रार त्यानेच जाईल.

आता मॉडेल. विम मिनी छोटा आहे, स्वस्त आहे, ऑप्टिकल आउट (उजेडाच्या वायरीने आवाज बाहेर द्यायची सोय) आहे, एअरप्ले (आयफोनवरून वायफायने गाणं पाठवायची सोय) आहे, पण त्यात क्रोमकास्ट (अँड्रॉइडवरून तसंच पाठवायची सोय) नाही. म्हणजे अँड्रॉइड फोनवरून यूट्यूब म्युझिक पाठवायचं तर शेवटी ब्लूटूथच. विम प्रोमध्ये क्रोमकास्ट आहे आणि लॅनच्या वायरीचं भोक पण आहे, पण तो घेतलात तर वीसातले बहुतेक त्यातच जातील. तुमचं दोघांचं ऐकणं बघता प्रो पाहिजे आणि बजेट बघता मिनी. कात्री इथे आहे.

भाट्ये_बीच:
स्पीकरला एडिफायर आर१२८०डीबी. डोळे मिटून घ्या. चार इंची वूफर (खर्जाचा मोठा स्पीकर), ४२ वॅट, रिमोट, ऑप्टिकल, कोअॅक्सियल, ब्लूटूथ सगळं एकात. माझ्याकडे आहेत, हॉलभर आवाज होतो, शेजारी येऊन विचारून गेले.

मास्टरिंगवाला:
शेजारी विचारायला आले की सांगायला आले? 😂
असो. मी सांगेन स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे रेकॉर्डिंगवाले वापरतात ते स्पीकर, घ्या. एडिफायरचेच एमआर४ किंवा प्रीसोनसचे एरिस साडेतीन इंची. गाणं जसं रेकॉर्ड झालंय तसं ऐकू येतं, उगाच फुगवलेला बेस नाही. तबल्याचा बायां (डग्गा) बायांसारखा वाजतो.

निवळी_फाटा:
मॉनिटर टेबलावर, हातभर अंतरावर ऐकायला असतात. यांना माजघरात झोपाळ्यावर बसून ऐकायचंय. आणि रिमोट नसतो बहुतेकांना, बाबा आवाज कमी करायला प्रत्येक वेळी उठणार का? शिवाय स्वस्त मॉनिटरमध्ये हिस येतो. गाणं बंद असताना ट्वीटरजवळ (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरजवळ) कान न्या, बारीक सूं ऐकू येईल. हिंदी फिल्मी गाण्यात कळत नाही, पण आलापाच्या आधी नुसता तानपुरा चालू असतो ना तिथे तो सूं आणि जवारी (तारांची झणझण) एकमेकांत मिसळतात आणि मग डोकं जातं. बाबांना तानपुरा ऐकायचाय हे लक्षात घ्या.

मास्टरिंगवाला:
बारा फुटांवरून हिस ऐकू येतो हे मला मान्य नाही.

निवळी_फाटा:
रात्री गुहागरला या, दुसरा आवाजच नसतो.

बांगडा_फ्राय:
समुद्र असतो की.

ठाणे_टू_दापोली:
स्पीकर कुठलेही घ्या पण सोर्स हायरेस पाहिजे, म्हणजे सीडीपेक्षा बारीक नोंदलेला, २४ बिट १९२ किलोहर्ट्झ. स्पॉटिफायवर ऐकून स्पीकरला नावं ठेवू नका. मी फक्त लॉसलेस, म्हणजे काही न गाळता साठवलेलं, ऐकतो.

एसटी_स्टँड:
जुनं नाट्यसंगीत मूळ ७८ आरपीएमच्या तबकडीवरचं, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं आणि निम्मी खरखर. त्यात १९२ काय करणार? सीडीच्या १६ बिट ४४.१ मध्ये बावीस किलोहर्ट्झपर्यंत मावतं, माणसाला वीसपर्यंत ऐकू येतं आणि साठीच्या पुढे त्याच्याही बरंच खाली. शिवाय जुलैत पडवीच्या पत्र्यावर पाऊस सुरू झाला की हायरेस आणि लोरेस सारखंच.

ठाणे_टू_दापोली:
फरक कळतो. ज्याला कळतो त्याला कळतो.

(इथून पुढे या दोघांच्या नऊ पोस्टी दुसऱ्या धाग्यात हलवल्या आहेत. विषय धरून बोला. – संपादक)

वरवडेकर_काका:
तुम्ही सगळे मॉडेल नंबर सांगताय, पण समुद्रापासून पाच मिनिटांवर वस्तू टिकवायची कशी हे कुणीच सांगत नाहीये. मी रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान बरीच वर्षं चालवलं, आता मुलगा मोबाइल बघतो. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या वस्तू वाजवून बिघडत नाहीत, खाऱ्या हवेने बिघडतात. स्पीकरची वायर क्लिपमधून काढा, टोकाला तांब्यावर हिरवा थर दिसेल, नखाने खरवडला की भुकटी पडते. लोक म्हणतात डावा स्पीकर गेला. गेला नसतो, टोक कापा, नवीन सोला, घट्ट बसवा, वाजतो.

तर पहिलं, समुद्राकडच्या खिडकीखाली ठेवू नका. दुसरं, प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत दमट कोंडतं आणि बुरशी धरते, साधा सुती पंचा टाका. तिसरं, पावसाळ्यात बंद करून ठेवू नका, रोज थोडा वेळ लावा, आतल्या उबेने ओल सुटते. चौथं, वूफरची कड रबराची बघा, फोमची असेल तर थोड्या वर्षांत बोट लावलं की चुरा होतो. आणि पाठीमागे जाळी नसलेली भोकं असतील तर मुंग्या आणि पाली जाणार हे धरून चाला. एका गिऱ्हाइकाच्या अॅम्पमध्ये पाल दोन टर्मिनलच्या मधे चिकटून गेली होती, ती गेली आणि अॅम्प पण गेला.

गोळप_धार:
काका बरोबर बोलले पण खरा मुद्दा अर्थिंग. जांभ्याच्या कातळावर घर असेल तर अर्थिंग नावालाच असतं, खड्डा खोल जात नाही आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी ठणठणीत. तो पाच-सहाशेचा स्पाइक गार्ड लावून लोक निर्धास्त होतात, त्याचं बरंचसं काम अर्थवर अवलंबून असतं, तोच नसेल तर पूर्ण संरक्षण मिळत नाही. आधी वायरमन बोलवून अर्थिंग मोजून घ्या, मीठ-कोळसा भरून खड्डा नीट करा, मग स्पीकरचं बघा.

ठाणे_टू_दापोली:
म्हणजे वीसातले पाच खड्ड्यात.

गोळप_धार:
हो. अक्षरशः. आणि वीज कडाडायला लागली की प्लग काढा, बटण बंद करून भागत नाही. डिशची केबलपण काढा. फायबर काचेचं असतं, त्यातून वीज येत नाही, पण डिशची तार थेट छपरावरून घरात येते.

भाट्ये_बीच:
मी परत सांगतो, आर१२८०डीबी. बेस्ट आहेत.

इन्व्हर्टर_बंद:
अजून कुणी सांगितलं नाही म्हणून. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर स्पीकर गुणगुणतात, फ्यान पण गुणगुणतो तसे. साइन वेव्ह असेल तर काळजी नाही. आणि लाइट जाऊन आली की काही स्पीकर आपोआप स्टँडबायला जातात, मग प्रत्येक वेळी बटण दाबा. घेताना दुकानात मुद्दाम प्लग काढून लावून बघा.

चाकरमानी_९१:
माझ्याकडे जुना क्रोमकास्ट ऑडिओ पडून आहे, गणपतीला येताना आणून देऊ का? पाचशे द्या. छान चालतो.

निवळी_फाटा:
चालतो, पण २०१९ च्या जानेवारीत त्याचं उत्पादन बंद झालंय. मार्च २०२५ मध्ये आतल्या एका सर्टिफिकेटची मुदत संपली म्हणून जगभरचे ते डबे एकदम मुके झाले होते, अपडेट आल्यावर सुरू झाले. पुढच्या वेळी अपडेट येईलच असं नाही. पाचशेला घ्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आणि अजून एक, हे मगाशी राहिलं. क्रोमकास्ट ऑडिओ काय किंवा विम प्रो काय, त्यावर यूट्यूब म्युझिक जातं, साधं यूट्यूब जात नाही. त्याला पडदा असलेलंच उपकरण लागतं.

कौलारू:
हे महत्त्वाचं निघालं. बाबांचं सगळं साध्या यूट्यूबवर आहे, कुणीतरी घरच्या कॅसेटवरून चढवलेलं, बाजूला तबकडीचा फोटो असतो ते. यूट्यूब म्युझिकमध्ये त्यातलं बरंच सापडत नाही, मी आत्ता बघितलं.

सर्किटवाला:
म्हणून म्हणत होतो पाय घ्या.

मास्टरिंगवाला:
मॉनिटर आणि मिनी. फायनल करा.

भाट्ये_बीच:
आर१२८०डीबी आणि मिनी.

ठाणे_टू_दापोली:
थांबा आणि पन्नास जमवा.

कौलारू:
घेतले. शनिवारी रत्नागिरीला गेलो होतो, बाबांना बरोबर नेलं, दुकानात तीन जोड्या ऐकल्या. स्ट्रीमर घेतलाच नाही. आमचा टीव्ही स्मार्ट आहे, यूट्यूब त्यावर चालतं, स्पॉटिफायचं अॅप पण आहे आणि फोनवरून त्याला गाणं लावता येतं. मागे ऑप्टिकल आहे. मग स्ट्रीमरचे पैसे स्पीकरलाच लावले आणि पाच इंची वूफरची जोडी घेतली, लाकडी बाजूची, ब्रँड इथे कुणी सुचवला नव्हता तोच, दुकानदार म्हणाला दुरुस्ती मी करीन, कुरिअरने मुंबईला पाठवायला नको. साडेअठरा. बाबांनी तानपुऱ्यावर पास केली. अर्थिंगवाल्यांनाही सांगितलंय, पुढच्या आठवड्यात येतो म्हणाले.

ठाणे_टू_दापोली:
टीव्हीचा ऑप्टिकल?? गाणं ऐकायला पडदा चालू ठेवणार? अरे काय.

एसटी_स्टँड:
बऱ्याच टीव्हीत नुसता पडदा बंद करायची सोय असते. सेटिंगमध्ये बघा.

गोळप_धार:
उलट चांगलं केलंत. ऑप्टिकलमधून नुसता उजेड जातो, तांब्याचा संबंध नाही. डिशवरून टीव्हीला काही झालं तरी त्या वायरीतून स्पीकरला पोचणार नाही, आणि हम, म्हणजे विजेची गुणगुण, पण येत नाही. प्लग मात्र काढायचाच.

कौलारू:
एक अडचण. दुकानात वाजत होते, घरी टीव्हीला लावले तर यूट्यूबला येतो आवाज पण काही चॅनलला काहीच नाही, नुसतं टक टक.

निवळी_फाटा:
टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ऑटो असेल. ते पीसीएम, म्हणजे साधा न गुंडाळलेला आवाज, करा. काही चॅनलचा आवाज डॉल्बीत गुंडाळून येतो, तो या स्पीकरना उलगडता येत नाही. आणि टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होत नसेल तर घाबरू नका, बऱ्याच टीव्हीत ऑप्टिकलची पातळी ठरलेली असते, स्पीकरचा रिमोट वापरा.

कौलारू:
पीसीएम केलं, आला. पण बायां जरा जास्तच घुमतोय. दोन्ही कोपऱ्यात कोनाड्यांवर ठेवलेत.

वरवडेकर_काका:
कोपऱ्यातून काढा आधी. कोनाडा म्हणजे पेटीच्या आत पेटी. भिंतीपासून हातभर पुढे, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, दोन लाकडी स्टुलं करून घ्या सुताराकडून, फणसाची असली तर बरं. कोब्यावर मधे सतरंजी पसरा. तरी घुमला तर मग बेसचं बटण थोडं मागे.