मदत हवी आहे : भर बाजारात मुलगा लोळण घेतो तेव्हा नेमके काय करावे?

माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. दादर पश्चिमेला रानडे रस्त्यावर भाजी आणि किराणा घ्यायला जाताना त्याला सोबत न्यावेच लागते, कारण त्या वेळी घरी सांभाळायला कोणी नसते. फुगेवाला दिसला आणि मी ‘नको’ म्हटले, की तो हात सोडवून थेट जमिनीवर लोळण घेतो. (घरी हाच मुलगा बराच शहाण्यासारखा वागतो.) बालरोगतज्ज्ञांना विचारले आहे; या वयात राग मोठा आणि शब्द तोकडे असल्याने असे होते, असे त्यांनी सांगितले.

झोप व खाणे उरकूनच बाहेर पडणे, काय घ्यायचे ते आधी सांगणे, त्याच्या हाती लिंबांची छोटी पिशवी देणे, हे सारे करून पाहिले. पिशवीचा उपाय सर्वांत चांगला चालला, पण पाच-दहा मिनिटेच. एकदा गर्दीला लाजून मी फुगा घेऊन दिला आणि पुढच्या खेपेस तो अधिक जोरात रडला. ती चूक माझीच. बाबागाडी त्या गर्दीत चालत नाही आणि मोबाइल हाती द्यायचा नाही. सामान घरपोच मागवता येते हे ठाऊक आहे, परंतु बाहेरची सगळीच कामे तशी होत नाहीत.

त्याला शांत कोपऱ्यात नेऊन थांबावे, हा सल्ला मला पटतो. पण दोन्ही हातांत पिशव्या, मागून येणारी दुचाकी आणि ‘घेऊन द्या हो, लेकरू रडतंय’ म्हणणारे लोक असताना, त्या पहिल्या एक-दोन मिनिटांत तुम्ही आधी काय करता, आणि तो शांत झाल्यावर उरलेली खरेदी पूर्ण करता की तशीच सोडून घरी परतता?