मदत हवी आहे: अभ्यासिकेतल्या टीव्हीवरचा टास्कबार लपत नाही (विंडोज ११)

पेठकर:
सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दाराशी ४३ इंची टीव्ही लावला आहे. कुठली जागा भरलेली, कुठली रिकामी, हे दाखवणारी एक्सेलची शीट त्यावर दिवसभर उघडी असते. काउंटरवरच्या पीसीतूनच एचडीएमआय केबल नेली आहे. सेटिंग्जमध्ये टास्कबारचं ऑटो-हाइड (तळाची आयकॉनची पट्टी आपोआप लपणं) चालू केलंय, तरी दोन अडचणी आहेत. काउंटरवर माउस तळाला गेला की टीव्हीवरही टास्कबार वर येतो. आणि अधूनमधून तो वर येतो तो खाली जातच नाही. रजिस्ट्रीला (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदींना) हात न लावता काही करता येईल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

कोथरूडचा_टेक्निशियन:
पहिल्या अडचणीवरून टीव्ही 'डुप्लिकेट'वर आहे हे उघड आहे. त्या मोडमध्ये दोन्ही पडद्यांवर एकच चित्र जातं, त्यामुळे फक्त टीव्हीवरचा टास्कबार काढणं शक्यच नाही. विंडोज + पी दाबून 'एक्स्टेंड' निवडा. मग टास्कबारवर राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, टास्कबार बिहेवियर्स, आणि तिथे 'शो माय टास्कबार ऑन ऑल डिस्प्लेज'ची खूण काढा. टास्कबार फक्त मुख्य पडद्यावर उरेल. तो काउंटरचाच मॉनिटर आहे ना, हे सिस्टम, डिस्प्लेमध्ये 'मेक धिस माय मेन डिस्प्ले'वरून बघून घ्या.

आता शीट टीव्हीवर न्यायला विंडोज + शिफ्ट + उजवा बाण. तिथे ती मॅक्सिमाइज करून कंट्रोल + शिफ्ट + एफ१ दाबलं की एक्सेलची रिबनही (वरची बटणांची पट्टी) जाते आणि आणखी काही ओळी मावतात. एवढं झालं की ऑटो-हाइडची गरजच राहत नाही, बंद करून टाका. काउंटरवर बसणाऱ्याला टास्कबार समोर असलेलाच बरा.

नवी_सांगवी:
वर आलेला टास्कबार खाली का जात नाही, तर एखादं ॲप लक्ष मागत असतं. व्हॉट्सॲपचा मेसेज आला की आयकॉन लुकलुकतो आणि त्यावर क्लिक करेपर्यंत टास्कबार तसाच राहतो. त्याच टास्कबार बिहेवियर्समध्ये 'शो फ्लॅशिंग ऑन टास्कबार ॲप्स' बंद करा. काहीच लुकलुकत नसताना अडकला असेल, तर कंट्रोल + शिफ्ट + एस्केपने टास्क मॅनेजर उघडून 'विंडोज एक्सप्लोरर' रीस्टार्ट करा. पडदा क्षणभर रिकामा होईल, एक्सेल बंद होणार नाही. तरी शीट आधी सेव्ह केलेली बरी.

पेठकर:
दोन्ही केलं, टीव्हीवर आता टास्कबार नाही. मनापासून आभार! पण माउस उजवीकडे नेला की टीव्हीवर पळतो आणि काउंटरवर सापडत नाही. शिवाय शीटची अगदी खालची ओळ अर्धी कापली जाते. वीज जाऊन आली की शीट कुठे उघडेल याचीही काळजी आहे.

कोथरूडचा_टेक्निशियन:
माउससाठी सिस्टम, डिस्प्लेमध्ये २ नंबरचा चौकोन ओढून १ नंबरच्या वरच्या कोपऱ्याला जेमतेम टेकेल असा ठेवा आणि 'अप्लाय' करा. मग माउस फक्त त्या कोपऱ्यातूनच पलीकडे जातो, चुकून जात नाही.

ओळ कापली जाते ती टीव्हीच्या ओव्हरस्कॅनमुळे. टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा छाटतो. हे पीसीवरून नाही, टीव्हीच्या रिमोटवरूनच नीट करायचं: पिक्चर मेनूत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असं काहीतरी असतं, कंपनीगणिक नाव बदलतं.

टीव्ही नुसता बंद होऊन परत चालू झाला, तर 'मल्टिपल डिस्प्लेज'मधला 'रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन' हा पर्याय चालू असल्यास शीट परत टीव्हीवर जाते. पीसीच बंद पडला तर मात्र फाइल नव्याने उघडावी लागेल. तेव्हा आधी टीव्ही चालू करा, मग पीसी. ऑटोसेव्ह किंवा छोटा यूपीएस नसेल, तर शेवटचे बदल जातील ते वेगळंच, म्हणून यूपीएस घ्याच.