अनुभव धागा : वेगमर्यादेचा दंड आणि त्यातून जमणारा पैसा (धुळे, जळगाव, नंदुरबार)

मागच्या महिन्यात धुळे ते पारोळा जाताना माझ्या कारला २००० रुपयांचे ई-चलान आले. वेग खरोखरच जास्त होता, त्यामुळे दंडाविषयी तक्रार नाही; पण भरलेली रक्कम राज्याच्या तिजोरीत जाते आणि ज्या रस्त्यावर ती वसूल झाली त्याच्या वाट्याला त्यातले काय येते हे पावतीवरून कळत नाही, ही गोष्ट मनाला लागून राहिली. आपणही ठिकाण, रक्कम आणि पुढे काय झाले ते लिहावे.

सावदा, केळीची वाहतूक
कच्ची केळी भरून ट्रक बऱ्हाणपूरमार्गे दिल्लीकडे निघाला, की घड्याळच आमचे मालक होते. गाडी उशिरा पोहोचली तर फळ पिवळे पडू लागते आणि व्यापारी भाव पाडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ प्रमाणे जड वाहनाला २००० ते ४००० रुपये दंड आहे. चलान गाडीमालकाच्या नावावर निघते, मालक ते चालकाच्या भत्त्यातून कापून घेतो, आणि लवकर पोहोच म्हणून दिवसातून चार फोन करणाऱ्याला मात्र काहीच भरावे लागत नाही. मी स्वतः अकरा वर्षे चालक होतो, म्हणून हे सांगतो.

नवापूर
जुनी गाडी विकायला काढली तेव्हा तीन चलाने बाकी असल्याचे समजले. मोबाईल क्रमांक बदलला होता आणि तो नोंदवायचे राहून गेले, ही चूक माझीच.

चाळीसगाव, प्रवासी गाडी
कन्नड घाटात वळणावर समोरून सुसाट येणाऱ्या गाड्यांची धास्ती वाटते, परंतु स्पीड गन बसवलेली गाडी मला आजवर दिसली ती सपाट, सरळ रस्त्यावरच. तिथे दंड जास्त जमत असेल, जीव मात्र घाटात जातात.

जळगाव, वकील
ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या नियम १६७अ ने कॅमेऱ्याने नजर ठेवलेल्या रस्त्यावर तसा सूचनाफलक आणि पंधरा दिवसांच्या आत नोटीस या दोन्ही गोष्टी बंधनकारक केल्या. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे ठाऊक नसते. लोकअदालतीची नोटीस हातात पडली की घाबरून ते थेट तडजोडीलाच उभे राहतात. चलानावरील छायाचित्र, ठिकाण आणि वेळ आधी तपासावी, वेग खरा असेल तर मुकाट्याने दंड भरावा आणि नसेल तर लेखी हरकत घ्यावी.

एरंडोल, शिक्षिका
माझा धाकटा भाऊ महामार्ग ओलांडताना गाडीच्या धडकेने गेला. त्या गाडीचा वेग त्या दिवशी कोणीही मोजलेला नव्हता, म्हणून वेगाचा दंड म्हणजे सरकारची कमाई असे कोणी म्हटले की माझ्याने गप्प बसवत नाही. मोजणारे यंत्र तिथे असते तर चालकाचा पाय कदाचित वेळीच ब्रेकवर गेला असता. मात्र, धागा काढणाऱ्या दादांचे म्हणणेही मला पटते. आमच्या फाट्यावर दिवा आणि ठळक पांढरे पट्टे हवेत असा अर्ज मी दोनदा दिला. दोन्ही वेळा निधी नाही असेच उत्तर आले, आणि त्याच फाट्यापासून थोड्याच अंतरावर दंडवसुली रोज चालू असते.